मागे बसलेल्या बाई

शिंपीकाकांच्या घरी चलान आलं, स्कूटरवर मागे बसलेल्या महिलेने हेल्मेट न घातल्याबद्दल. सोबत चौकातल्या कॅमेऱ्याने पाठीमागून काढलेला फोटो. लाल कोट, वर कोटाचीच टोपी, आणि काकांना अगदी चिकटून.

"अगं, तो दुकानातला पुतळा आहे. गिऱ्हाइकाचा कोट चुरगळू नये म्हणून पुतळ्यासकट पोचवायला निघालो होतो."

"सरकार महिला म्हणतंय. ते कशाला खोटं बोलेल?" काकू म्हणाल्या. "हे चलान रद्द होईपर्यंत तिच्याकडेच जेवा."

दुसऱ्या दिवशी काकांनी पुतळ्याला तसाच कोट चढवला, आणि त्याला नि काकूंना रिक्षात घालून वाहतूक कार्यालय गाठलं.

साहेबांनी आधी फोटो पाहिला, मग पुतळा. "कॅमेऱ्याला बाई काय नि पुतळा काय. मागे बसलं की हेल्मेट लागतं."

"अहो, पण घालू कुठे?" काकांनी टोपी मागे सारली. आत नुसती मानेची खुंटी होती, वर काहीच नाही.

काकूंचा जीव भांड्यात पडला. "बरं, आज घरी जेवा," त्या पुटपुटल्या.

काकांना जोर आला. "बघा साहेब, हिला डोकंच नाही. आता तरी करा रद्द."

साहेबांनी टोपी पुन्हा नीट वर ओढली आणि चलानावर 'दंड कायम'चा शिक्का मारला.

"काका, डोकं नाही म्हणून सोडायला लागलो, तर या शहरात दंड भरायला उरेल कोण?"