कायमचा तह

"आणि लायनेल?" ग्लेनिसने नवऱ्याच्या खांद्यावरून वाचत विचारलं. "त्याचे आभार कुठायत?"

डेस्मंड आपल्या ब्लॉगच्या वाचकांचे वार्षिक आभार मानत होता. बोटभर उंचीचे शिशाचे सैनिक रंगवायचे, मनातल्या मनात एक देश उभारायचा आणि दुसऱ्याच्या तितक्याच खोट्या देशाशी तो जेवणाच्या टेबलावर लढवायचा, हा त्याचा छंद. श्नापेनबर्गचा राजा तो. टुल्पेनहाइमचा राजा लायनेल, रस्त्यापलीकडच्या घरातला.

"परराष्ट्राचे आभार मानायचा प्रघात नाही."

टुल्पेनहाइमशी कायमचा तह झाला होता. झालं एवढंच, की लायनेलचा फासा टेबलावरून गालिच्यावर पडला आणि सहा आले. लायनेल म्हणाला, धरायचे. डेस्मंड म्हणाला, टेबलाबाहेर युद्ध नसतं. दोघेही सभ्य इंग्रज, त्यामुळे भांडण झालं नाही. लाखेचा शिक्का मारून तह झाला. तह म्हणजे लढाई बंद, आणि लढाई बंद म्हणजे रविवारचं येणंजाणं बंद. तेव्हापासून दोघं रस्त्यात भेटले की हवेबद्दल बोलत. इतका काटेकोर पाळलेला तह युरोपच्या इतिहासात सापडणं कठीण.

जानेवारीत लायनेलची बायको गेली. डेस्मंड चर्चमध्ये गेला, हात मिळवला, थंडीबद्दल दोन शब्द बोलून परत आला.

"दुपार झाली तरी पडदे उघडत नाही तो," ग्लेनिस म्हणाली. "तुझं मात्र सगळं वाचतो हं. परवा दुकानात मलाच विचारत होता, घोडदळाचे कोट निळे का केले म्हणून."

"मला का नाही विचारलं?"

"तह आहे ना तुमचा! अरे, चहाला बोलाव की त्याला सरळ."

"काय कारण सांगू?"

"चहाला कारण लागतं?"

"इतक्या वर्षांनी लागतं."

"राजे म्हणे! दोन म्हातारे बैल आहात नुसते," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

डेस्मंड खिडकीतून समोरच्या पडद्यांकडे बघत बसला. मग आभारांच्या खाली त्याने आणखी चार ओळी लिहिल्या.

'टुल्पेनहाइमच्या महाराजांस कळवण्यात येते की, सरहद्दीवरून आमची एक गाय चोरीला गेली आहे. संशय आपल्यावर आहे. सबब तह मोडला. युद्ध रविवारी, चार वाजता, नेहमीच्या टेबलावर.'

उत्तर ग्लेनिसचा चहा होण्याआधीच आलं.

'गाय आम्हीच चोरली. फार आभारी आहे.'