कैद्यांची पलटण

दोंडाईच्याच्या तंबूतल्या टॉकीजमध्ये भागाबाईने आयुष्यातला पहिला हिंदी सिनेमा पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी धुळ्याची एसटी धरली. तिचा नवरा चुडामण तिथल्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता. विहिरीच्या पाण्यावरून झालेल्या भांडणात त्याच्या हातून चुलतभाऊ मेला होता. सिनेमात सरकार खुनाच्या कैद्यांना सोडून अतिरेक्यांशी लढायला पाठवत होतं, आणि ते एकामागून एक मरत होते. जाऊबाई म्हणाली, सिनेमात सगळं खोटं असतं. पण वर्दी, तुरुंग, बंदुका तर खऱ्याच दिसत होत्या. मुलाखतीच्या जाळीला तोंड लावून ती कुजबुजली, "सरकार कैदीसले लढाले धाडी राहिनं. तुमी नाव देऊ नका." चुडामण हसला नाही. त्याने जाळीत बोटं अडकवली. "त्यासमाईन कोणी घर उना का?" त्यांच्यातलं कोणी घरी परतलं होतं का, ते आठवताना भागाबाई गडबडली. सिनेमाच्या शेवटी आगगाडीतून उतरलेला त्या कैद्यांतला एक लंगडणारा माणूस तिला आठवला; त्याची बायको फलाटावर उभी होती. "एक उना," ती म्हणाली. "मंग मनं नाव दी टाक." आपलं नाव देऊन टाक म्हणताना तो थट्टा करतोय की खरं बोलतोय, ते तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. शिपायाने वेळ संपल्याचं ओरडून सांगितलं आणि त्याला आत नेलं. बाहेर पडायचं सोडून भागाबाई त्या शिपायाची वाट पाहत थांबली. आपण कशासाठी आलो होतो, तेच तिला कळेनासं झालं. तो परत आला तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, लढाले जाणारासनं नाव कोठे लिखतस?"