कडी लावणार नाही

"जा तू. मी कडी लावणार नाही," असं मावशी म्हणाल्या आणि साउंडवाल्यानं कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"कडीचं राहू द्या, मावशी. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही दारं उघडली असतील आता."

सेटवर हशा पिकला. मावशीही हसल्या. मावशी त्या कुणाच्याच नव्हत्या, पण सेटवर पन्नाशीपुढच्या प्रत्येक बाईला मावशीच म्हणायची पद्धत होती आणि त्यांचा मालिकेतला तो पहिलाच दिवस होता. सहा टेक झाले होते. प्लायवूडचं स्वयंपाकघर, खोटा ओटा, ओट्यावर खरी किटली, आणि घर सोडून निघालेल्या मुलीला आईनं सांगायचं एवढंसं वाक्य. आई रागावलीय, तरी दार उघडं ठेवणार आहे. यात ओरडण्यासारखं काही नाही, हे मावशींना लिहिणाऱ्याइतकंच कळत होतं. कळून काय उपयोग, गळ्याला कळायला हवं ना! वीस वर्षं नाटकात भूमिका करताना शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी घासलेला गळा तो. रंगमंचावर नुसत्या कुजबुजल्या तरी बाल्कनीत ऐकू जायचं.

दिग्दर्शिका त्यांच्या लेकीच्या वयाची होती. ती जवळ येऊन उकिडवी बसली. "मावशी, कॅमेरा हा असा, हातभर अंतरावर आहे. त्याच्यामागे कुणी नाही. प्रेक्षक नाहीतच असं समजा."

"तेच तर समजत नाही गं," मावशी म्हणाल्या.

मेकअपच्या खोलीत दुसरी एक बाई याच आईचे कपडे घालून तयार बसली होती. चॅनेलच्या माणसानं सकाळीच, अगदी गोड बोलून सांगितलं होतं, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमलं तर उत्तम, नाहीतर पुढचे भाग त्या करतील. मावशींना ही आई हवी होती. नाटकाचे प्रयोग आता महिन्याला एक, तोही थिएटर मिळालं तर. घरी सुनेनं झाडून सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं, आमच्या आई टीव्हीवर येणार. हातातोंडाशी आलेला घास एका वाक्यापायी जाणार, म्हणून मावशींना स्वतःचाच राग येत होता.

"शेवटचा एक घेऊ आणि मग जेवू," दिग्दर्शिका म्हणाली. 'शेवटचा' म्हणताना तिनं मावशींकडे बघायचं टाळलं.

टेक सुरू झाला. मुलीचं काम करणारी नायिका बॅग घेऊन ओट्याशी आली. आधीच्या सहाही वेळा ती आपलं वाक्य न चुकता बोलली होती. सातव्यांदा नेमकी अडकली.

"मी रागानं जात नाहीये, आई. मला..." एवढं म्हणाली आणि पुढे काही आठवेना. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

अशा वेळी शूटिंगमध्ये काय करतात, तर सरळ थांबतात. कट म्हणतात, पाणी पितात आणि पहिल्यापासून सुरू करतात. मावशींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. नाटकात थांबायची सोय नसते. किटली उचलायच्या निमित्तानं त्या पोरीकडे वळल्या आणि ओठ जेमतेम हलवत त्यांनी वाक्य पुरवलं, "मला स्वतःचं काही..."

"मला स्वतःचं काही करून बघायचंय," पोरगी म्हणाली.

दिग्दर्शिका कट म्हणणार, तेवढ्यात साउंडवाल्यानं हात वर करून तिला थांबवलं. दुसऱ्या हातानं तो हेडफोन कानावर घट्ट दाबून धरत होता.

मावशींचं तिकडे लक्ष नव्हतं. पोरगी गडबडली आहे, तिला सांभाळून न्यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. किटली हातात तशीच होती. तितक्याच हळू आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "जा तू. मी कडी लावणार नाही."

यानंतर नायिकेनं बॅग घेऊन दाराबाहेर पडायचं होतं. ती पडलीच नाही. तिथेच उभी राहून रडायला लागली, आणि हे रडणं तिला कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

"कट," दिग्दर्शिका जरा वेळानं म्हणाली. "पुरवलेलं तेवढं कापू. बाकी हेच ठेवायचं." मग तिनं मेकअपच्या खोलीकडे निरोप धाडला, की त्या बाईंना थांबायची गरज नाही. "मावशी, उद्या सकाळी सातला या. आणि माझा एक सिनेमा ठरतोय, त्याचं जेवताना बोलू."

मावशींनी किटली हातात धरूनच मान हलवली.

साउंडवाला वायरी ओलांडत त्यांच्यापाशी आला. "सहा टेक माझ्या कानांचं भजं केलंत, मावशी. हा आवाज कुठे लपवून ठेवला होतात?"

"लपवतेय कशाला? भूमिका मिळायच्या आधी आठ वर्षं विंगेत उभी राहून नायिकांना त्यांची वाक्यं पुरवत होते. तिला ऐकू जायला हवं आणि पहिल्या रांगेला नको, असा आवाज लागतो त्याला."

"मग आज काय झालं?"

मावशींनी किटली ओट्यावर ठेवली.

"आज त्या आवाजात पहिल्यांदाच माझं स्वतःचं वाक्य म्हटलं," त्या म्हणाल्या.