चार रिकाम्या खुर्च्या

हार्डटेल घ्यावी की नको, एवढंच विचारायला मी बायकोला घेऊन सायकलच्या दुकानात गेलो. हार्डटेल म्हणजे पुढच्या चाकाला स्प्रिंग आणि मागच्याला आपलं नशीब. डोंगर उतरून आलेले चार हार्डटेलवाले तिथे चहा पीत होते. "मागची स्प्रिंग म्हणजे नुसते लाड!" दातांचे डॉक्टर म्हणाले. "हिच्यावर रस्ता अंगाला कळतो," निवृत्त हेडमास्तरांनी ठासून सांगितलं. बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "अहो, चार खुर्च्या रिकाम्या आहेत, मग हे सगळे उभे का?" "उत्साह गं!" मी म्हणालो आणि तिथल्या तिथे सायकल घेतली. पहिल्याच रविवारी डोंगर उतरून घरी आलो आणि उभ्याउभ्याच मेहुण्याला फोनवर बजावलं, "घ्यायची तर हार्डटेलच!" बायकोनं काही न विचारता माझं ताट फ्रिजवर ठेवलं. "या," ती म्हणाली, "उत्साहानं जेवा."