उशाचा जांभा
सिपोराबाईंचा मुलगा हानोख लढाईत गेला, त्याला हा दुसरा हिवाळा. यरुशलेमच्या टेकडीवर, उतारालाच त्याची कबर. येणारा जाणारा यहुदी रिवाजाप्रमाणे तिच्यावर इथला पांढरा, टणक खडा ठेवी. बाईंनी मात्र रेवदंड्याहून पेटीतून आणलेला जांभा दगड उशाशी ठेवला होता. दर पावसात तो झिजे, आणि त्याची तांबडी माती ओघळून खाली उतरे.

"इमा, अर्धाच राहिला की गं हा," लेक मिली आईला म्हणाली. "घरी नेऊन ठेवू या. गावचं तेवढंच उरलंय आपल्याकडे."

"असू दे तिथंच."

"अगं, संपून जाईल!"

बाईंनी ओघळावरून बोट फिरवलं. तो कबरीतल्या हानोखच्या छातीपर्यंत आला होता.

"तुझ्या बाबांच्या कबरीवरचा आहे तो. झिजल्याशिवाय बाप लेकापर्यंत पोचायचा कसा?"