बीट उपटणारे हात

"खोटं वाटेल तुला, व्हर्न, पण खालच्या कोर्टातल्या त्या जज्ज ब्रँडवॉल्डचे एक्केचाळीस निकाल मी फिरवले!" अमेरिकेतल्या फार्गो शहरात, व्हर्न न्हाव्याच्या खुर्चीत निवृत्त अपील-न्यायाधीश ऑर्विल टँगेन गरजले.

"एवढा राग कशाचा, जज्जसाहेब?"

"मी नवखा वकील होतो. तो भर कोर्टात न्यायासनावरून म्हणाला, 'पोरा, तुझे हात शेतात बीट उपटायलाच बरे. कायदा आमच्यावर सोड.' सगळं कोर्ट फिदीफिदी हसलं. त्याच दिवशी ठरवलं, याच्या वरच्या कोर्टात जाऊन बसायचं."

"आणि बसलात!"

"बावीस वर्षं! त्याचा निकाल अपिलात आला की मी चष्मा पुसून चूक हुडकायचो. सापडली की दिलाच फिरवून. एकदा तर लिहिलं, 'यापेक्षा बिटाच्या वाफ्यात जास्त कायदा पिकतो.'"

व्हर्नचा वस्तरा हसून हसून थरथरायला लागला. "मग? काय केलं त्यानं?"

"करतो काय? बायकोपुढे ढसाढसा रडला म्हणे!"

शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं तोंडावरचा गरम टॉवेल ओढून काढला. एक्क्याण्णव वर्षांचा ब्रँडवॉल्डच होता तो.

"एकही फिरवला नाहीस, लबाडा! बावीस वर्षांत माझा प्रत्येक निकाल तू कायम केलास. तुला चूक सापडू नये म्हणून एकेक निकाल सात-सात वेळा लिहायचो मी." त्यानं टॉवेलनं डोळे टिपले. "ते रडण्याचं तेवढं खरं आहे."