पुढे जाणारा काटा

अक्काच्या पत्राला उत्तर गेलं नव्हतं, त्याला आता तीन महिने झाले होते. घड्याळजींच्या कामाच्या टेबलावर काचेखाली ते पत्र पडून होतं. रोज दिसायचं. रोज ते त्यावर एखादं घड्याळ ठेवायचे.

पत्र चार ओळींचं. 'मलाही डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली आहे. तू घेत नाहीस असं कळलं. तू सुरू करशील त्या दिवशी मीही करीन, तसं कळव. तोवर माझ्या गोळ्या कपाटात.'

अक्का बोलेल ते करणारी होती. आणि तिचा हा धाकटा भाऊ अख्ख्या आयुष्यात तिच्याशी एकदाही खोटं बोलला नव्हता. गोळी घेतली नाही, तर लिहायचं काय?

घरातल्या दोघी मात्र गप्प बसल्या नव्हत्या. बायकोनं सगळ्यांच्याच जेवणातलं मीठ निम्म्यावर आणलं आणि ती त्यांना रोज फिरायला नेऊ लागली. सुनेनं रक्तदाबाचं काट्याचं मशीन आणलं आणि दवाखान्यातल्या नर्सकडून दाब मोजायला शिकून घेतलं. सकाळी सातला भिंतीवरची अकरा घड्याळं वाजून थांबली की ती सासऱ्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळायची.

"एकशे अडुसष्ट, बाबा. गोळी?"

"मला काही होत नाहीये. मशीन पुढे जातंय."

हे ते अगदी मनापासून म्हणायचे. चाळीस वर्षं लोक त्यांच्याकडे पुढे जाणारी घड्याळंच घेऊन येत होते. म्हणून सोमवारी दोघी बाजारात गेल्या, तेव्हा त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मशीनची तबकडी उघडली, आतल्या कळीवर आधी खूण केली आणि मग ती केसभर सरकवली. काटा थोडा सुस्त झाला. काम सुरेख झालं होतं. कुणाला दाखवता येत नव्हतं, एवढंच.

मंगळवारी काटा एकशे अठ्ठावीसवर आला.

"आई, मीठ कमी केल्याचा गुण आला!" सून म्हणाली. "आता तुमचंही बघू या."

"माझं कशाला? मला काय धाड भरलीये?" असं म्हणत बायकोनं दंड पुढे केला.

सुनेनं एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. मग हळूच म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी."

पाच मिनिटांत बायको पलंगावर आडवी होती आणि तिच्या पायांखाली दोन उशा होत्या. डॉक्टर संध्याकाळी सहाला घरी येणार होते.

"दाब वाढवायचं औषध देतील," सून म्हणाली.

घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दिवसभर एकही घड्याळ उघडलं नाही. तशी सवडही मिळाली नाही.

"अहो, चहा."

चहा आला.

"अहो, मी गेले तर खिडकीतल्या कुंड्यांना पाणी कोण घालणार?"

"मी घालीन."

"मग आत्ताच घाला. एकदा डोळ्यांनी बघू तरी द्या."

कुंड्या झाल्या, केर झाला, खिडकीच्या काचाही झाल्या. साडेपाचला ते हातात फडकं घेऊनच पलंगाशी आले.

"तुला काही झालेलं नाही."

"ते डॉक्टर बघतील."

"डॉक्टर काय बघणार? चांगल्या माणसाला औषध देऊन बसतील! काटा मी सुस्त केलाय."

सून छताकडे बघत होती.

"म्हणजे तुमचे एकशे अठ्ठावीस?" बायकोनं विचारलं.

"नाहीत."

त्यांनी दोघींसमोर मशीन उघडलं आणि कळ खुणेवर परत आणली. बायकोचा दाब निघाला एकशे सोळा. त्यांचा निघाला एकशे ब्याऐंशी.

"वाढलाय," सून म्हणाली.

"वाढेल नाही तर काय? दिवसभर घाबरलेत." बायको ताडकन उठून बसली. उशीखालून तिनं त्यांचा घड्याळकामाचा बारीक चिमटा काढला. "हा मशीनच्या डब्यात राहिला होता. सकाळी नऊलाच सापडला. हिलाही दाखवला."

"मग तू दिवसभर निजून का राहिलीस?"

"आयता चहा मिळत होता."

"आणि डॉक्टर?"

"ते तुमच्यासाठीच येताहेत."

डॉक्टर आले. आपल्या मशीननं त्यांनी पुन्हा मोजलं. आकडा जवळपास तोच आला. घड्याळजींनी तो खाली मान घालून ऐकला आणि सगळ्यांसमोर गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुसरी गोळी घेतल्यावर, त्यांनी काचेखालचं पत्र काढलं आणि उत्तर लिहिलं. 'अक्का, काल गोळी सुरू केली. आता तुझ्या कपाटातल्या काढ. उशीर झाला, रागावू नकोस.' पाकीट बंद करून ते निघाले, तेवढ्यात बायकोनं त्यांच्या हातात एक पोस्टकार्ड उपडं ठेवलं.

"हेही टाका. आणि वाचू नका."

टपालपेटीपर्यंत त्यांनी ते वाचलं नाही. पेटीशी मात्र ते थांबले आणि त्यांनी कार्ड उलटलं.

'वन्सं, गोळी सुरू झाली. त्यांचं पत्र येईलच. तुम्ही चार महिन्यांपासून नेमानं घेताय, हे त्यांना कधी कळू देऊ नका.'

अक्का खोटं बोलली होती. अक्का! म्हणजे आता त्यांच्या गोळीवर कुणाचंच काही अडून नव्हतं. पाकीट खिशात घालून परत फिरलं असतं, तरी चाललं असतं.

त्यांनी खिशातून पेन काढलं. घड्याळांच्या चिठ्ठ्यांवर लिहायचे तसल्या मुंगीएवढ्या अक्षरात त्यांनी कार्डाच्या तळाशी लिहिलं, 'मला काहीही कळलेलं नाही. उद्याचीही घेईन.'

मग दोन्ही पत्रं त्यांनी एकदमच पेटीत टाकली.